पैरण दरवेळी काखेतच फाटते? आधी बघा, उसवलंय का फाटलंय का विरलंय

दोन वर्षं सलग माझ्याकडं एकच तक्रार आली. जिवंत देखाव्यासाठी गिरणी कामगारांच्या पैरणी शिवून दिल्या, आणि पोरांनी घोषणेला हात वर केला की काखेत टर्र. पहिल्या वर्षी १४ शिवल्या, ९ परत आल्या. दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला, काखेत दुहेरी टीप मारली, दोरा पण जाड घेतला, तर १४ पैकी ११ परत. म्हणजे जेवढं पक्कं शिवलं तेवढं जास्त फाटलं की ओ! आमच्या सासूबाई म्हणल्या, तू शिवतेस का फाडतेस एकदा ठरव.

मी घरी ब्लाऊज शिवते, वीस वर्षं झाली, त्यामुळं हे मनाला लागलं. आता कारण सापडलंय, आणि एक कारण नव्हतं, तीन होती एकमेकात गुंतलेली, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. तुमच्या मंडळात किंवा शाळेत असलं काही असेल तर शिवायच्या आधी वाचा. शिवून झालं असेल आणि देखावा परवावर आला असेल तर सरळ खाली जा, तयार पैरणीची दुरुस्ती तिथं लिहिलीय.

देखावा १९३० चा. मे महिन्यातलं सोलापूर, १२ मे ला मार्शल लॉ लागला, आणि पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. हे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, त्यांच्या चार पुतळ्यांच्या चौकातनं रोज जातो आपण. पण त्या गर्दीतल्या साध्या कामगाराच्या अंगात काय होतं असं विचारलं की सगळे "सदरा आणि धोतर" म्हणून मोकळे, आणि मग दुकानातनं इस्त्रीचे कडक पांढरे कुर्ते आणतात. गिरणी कामगार आहेत का प्रचाराला निघालेले उमेदवार तेच कळत नाही. म्हणून आम्ही मांजरपाटाची (जाडंभरडं साधं सुती कापड) पैरण शिवायची ठरवली, बिनकॉलरची, गळ्याला पुढं छोटी चीर, सैल बाही, खाली गुडघ्यापर्यंत येईल असं धोतर, डोक्याला कुणाला टोपी कुणाला मुंडासं. दिसायला झकास झालं. फक्त हात वर करायचा नाही, आणि मोर्चाच्या देखाव्यात हात वर न करता कसं चालेल.

तर आता मुद्द्याचं. फाटलेली पैरण हातात आली की लगेच मशीनवर बसू नका (मी बसत होते). ती उलटी करा, खिडकीशी धरा आणि नीट बघा. दोरा तुटलाय पण कापडाच्या दोन्ही कडा धड आहेत, तर ते उसवलंय. टीप जशीच्या तशी बसलीय आणि तिच्या शेजारचं कापड गेलंय, तर ते फाटलंय. आणि कडा भुसभुशीत झाल्यात, बोटानं नुसतं ओढलं तरी पुढं जातंय, तर कापड विरलंय. आपण बोलताना सगळ्यालाच फाटलं म्हणतो पण तिघांचा इलाज वेगळा आहे, आणि माझी दोन वर्षं गेली कारण मी फाटलेल्याला उसवलेल्याचा इलाज करत होते.

उसवलेल्याचं फार काही नाही. टाका फार लांब पडला असेल, टीपेच्या सुरवातीला शेवटाला मागं-पुढं करून गाठ बसवली नसेल, किंवा मशीनचा ताण जास्त घट्ट असेल तर ओढ आली की दोरा तुटतो. मुंढ्याची (बाही जिथं अंगाला जोडतात तो भाग) आणि बगलेची शिवण वळणावर किंवा तिरकी असते, ती ओढली की लांबते, आणि घट्ट दोऱ्याला लांबता येत नाही. ताण थोडा सैल करा, टाका मध्यम ठेवा, संपलं. हे सगळ्यात बरं दुखणं, दहा मिनिटात परत शिवून होतं.

आता उलटी गंमत. मी दुसऱ्या वर्षी जो जाड पॉलिस्टर दोरा वापरला आणि बारीक टाक्याची दुहेरी टीप मारली, तिनंच घात केला. मांजरपाट सुती, त्यात साधं. दोरा त्याच्यापेक्षा दणकट. ओढ आली की दोरा तुटत नाही, तो कापडाला कापतो. वर बारीक टाका म्हणजे इंचाला चिक्कार भोकं, दोन टिपा म्हणजे भोकांच्या दोन रांगा, पोस्टाची तिकिटं जशी भोकांवरनं फाडतो तसं कापड सरळ रेषेत उलगडत गेलं. माझ्याकडं परत आलेल्या ११ मधल्या ८ पैरणींची टीप ठणठणीत होती, कापड तिच्या कडेनं गेलेलं. तेव्हा सुती कापडाला सुती दोरा लावा, रिळाचा भाव बघून पॉलिस्टर घेऊ नका. दोरा तुटला तर परत शिवता येतं, कापड गेलं तर ठिगळच.

पण दोरा बदलून पण भागलं नाही. नुसता सुती दोरा घालून मी एक पैरण शिवली, भाच्याला घातली आणि म्हणलं कर हात वर. फाटली नाही पण अख्खी पैरण पोटावरनं वर आली चार बोटं, आणि भाचा म्हणाला मामी खांद्यात अडकतंय. मी म्हणलं मुंढा लहान झालाय. म्हणून मुंढा अजून दीड इंच खाली खोल केला. आता जास्तच अडकायला लागलं! हे मला कळेचना. ब्लाऊजमधे एवढी वर्षं काढलेल्या बाईला हे कळायला पाहिजे होतं, पण ब्लाऊजला आपण मुंढा मापात वर ठेवतो, आणि हे कामगाराचं ढगळ कापड म्हणून मी सगळं सैल करत सुटले होते. मुंढा जेवढा खाली जातो तेवढी बाही पैरणीच्या अंगाला कमरेजवळ जोडली जाते. मग हात वर जाताना बाही सगळं अंगच वर ओढते. सैल कपड्यात हात अडकतो तो याच्यामुळं.

आणि मूळ खोट पॅटर्नमधे होती. मी कटिंगला घेतलेला नमुना आमच्या ओळखीतल्या एका गणवेश शिवणाऱ्याकडनं आणलेला. सोलापुरात गणवेशाचं काम किती चालतं तुम्हाला माहीत आहेच, शाळेच्या शर्टाचे कागदी नमुने कुणाकडं पण मिळतात. तो नमुना चांगलाच आहे, पण शाळेच्या शर्टासाठी. त्यात बाहीला वर गोल डोकं असतं, मुंढ्याला गोल कापा असतो, हात खाली सोडून प्रार्थनेला उभं राहिलं की झकास बसतो, एक सुरकुती नाही. घोषणा द्यायला तो कापलेलाच नाही. जुन्या कामकऱ्याच्या कपड्यात गोल कापा नसायचाच, सगळे सरळ चौकोनी तुकडे.

हे मला कुठं कळलं सांगू का. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी माझ्याकडं बाराबंद्या (बंदांनी बांधायचा अंगरखा) येतात दुरुस्तीला. त्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठ्या) धरणारे पांढरी बाराबंदी घालतात हे बाहेरच्यांसाठी सांगते, सात नंदीध्वज असतात आणि ते पेलणं म्हणजे ताकदीचं काम, दिवसभर हात आणि खांदे कामाला. त्यात एक जुनी बाराबंदी आली, वडलांची मुलाकडं आलेली. बंद सगळे झिजलेले, दोन तर नुसते धाग्यावर लोंबत होते, कॉलरीच्या जागी पट्टी पिवळी पडलेली. मी सवयीनं काख बघितली, म्हणलं ही तर नक्कीच गेली असणार. काख शाबूत! एक टाका उसवलेला नाही. उलटी केली तर बाही आणि अंग जिथं मिळतात तिथं एक चौकोनी तुकडा, टोकावर उभा, पतंगासारखा. एक टोक बाहीकडं, एक कमरेकडं, दोन टोकं पुढं-मागं. हाताशिलाई, टाके एवढे बारीक की चष्मा पुसून बघितले. आमच्या गल्लीतले म्हातारे टेलर याला चौबगला म्हणतात, त्यांना दाखवली तर म्हणाले, हे नसेल तर ते कामाचं कापड नाही, ते फोटोचं कापड.

मी हात वर केला, बाराबंदीची बाही धरून. तो पतंग उघडला. हात खाली असताना काखेत घडी होऊन बसतो, हात वर गेला की पसरतो. वर तो तुकडा टोकावर उभा लावल्यामुळं हाताची ओढ त्याच्यावर उरेब, म्हणजे तिरकी येते, आणि उरेब कापड लांबतं हे ब्लाऊज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको. म्हणजे कापड पण जास्त, आणि ताणणारं पण. नुसता मुंढा खोल केला की कापड वाढत नाही, कमी होतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

इंग्लंडातल्या अठराव्या शतकातल्या कामकऱ्यांच्या शर्टाचा कट पण हाच आहे, सरळ तुकडे आणि काखेत चौकोन. याचं कारण साधं आहे. कापड महाग, शिलाई घरची, आणि चौकोनात कापलं की चिंधी उरत नाही. गोल कापा घातला की दर बाहीला मूठभर चिंध्या निघतात. आज मला मांजरपाट स्वस्त पडतो म्हणून मी ते विचारात घेतलं नव्हतं.

आता मापं. मोठ्या माणसाच्या पैरणीला मी हे धरते, सगळी तयार मापं, शिलाईचा अर्धा इंच चहूबाजूनं वेगळा सोडायचा. बाही सरळ आयत, वर रुंदी १६ इंच. चौबगला ४ इंचाचा चौकोन, म्हणजे कापताना ५. चौकोनाच्या दोन कडा बाहीला लागतात आणि उरलेल्या दोन अंगाला. तेव्हा बाहीची वरची कड १६ आणि चौकोनाच्या दोन कडा ४ आणि ४, मिळून २४, त्याचं अर्ध १२. म्हणजे अंगाच्या कडेला खांद्यापासून १२ इंच उघडं सोडायचं, त्याच्याखाली बाजूची शिवण सुरू. आडदांड माणूस असेल तर चौकोन ५ करा आणि मुंढा १३ होईल. चौकोन ६ च्या पुढं नेऊ नका, काखेत पिशवी लोंबते आणि वटवाघूळ दिसतं माणूस, आमच्या एकाला तसं झालं, पोरांनी त्याला देखाव्यात पण बॅटमॅन म्हणून हाक मारली.

चौकोनाचं सगळं कसब कोपऱ्यात आहे. मी पहिला लावला तेव्हा टीप कापडाच्या पार टोकापर्यंत नेली, सवय की. उलटं करून बघते तर कोपऱ्यात चुणी, आणि चुणी ओढून सरळ करायला गेले तर तिथंच चीर. टीप कडेपर्यंत न्यायची नाही. पेन्सिलनं चौकोनाच्या चारही बाजूनं आत अर्ध्या इंचावर रेघ मारा, जिथं दोन रेघा एकमेकीला कापतात तिथं टिंब द्या, टीप टिंबापासून टिंबापर्यंत. टिंबावर आलं की सुई खाली रोवायची, मशीनचा पाय वर, कापड फिरवायचं, पाय खाली, पुढं. शेवटच्या दोन टाक्यांना पायडल सोडून चाक हातानंच फिरवा, मोटरवर टिंब हुकतं. आणि बाहीकडच्या आणि कमरेकडच्या टोकाला आतनं बोटाच्या पेराएवढं त्याच कापडाचं ठिगळ ठेवून शिवा. ओढ तिथंच येते. हातात वेळ असेल तर त्या टोकांना काजाचे तीन-चार टाके घ्या, त्या बाराबंदीला तसेच होते.

शिवण दुमडून बसवा, कड आत, वरनं दुसरी टीप. इथं दुहेरी टीप चालते कारण आता कापडाला ओढच कमी आहे. ओव्हरलॉक मात्र करू नका, बाही दुमडली की आतला जाळीचा दोरा दिसतो आणि १९३० चा कामगार एकदम रेडीमेड दुकानातनं आल्यासारखा वाटतो.

तिसरं राहिलं, विरलेलं. यात सगळी चूक माझी. पैरणी नव्या कोऱ्या दिसतात म्हणून पहिल्या वर्षी मी त्यातल्या काही जुन्या दिसाव्यात म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, आणि काही लोखंडी कढईत चहाच्या चोथ्यात उकळल्या. रंग काय सुरेख आला, राखाडी-तपकिरी, अगदी तेलकट मशीनजवळ उभं राहून आल्यासारखा. पण ब्लीच सुताला खातं, आणि नीट खळखळून धुतलं नाही तर खातच राहतं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, मी एका पाण्यात पिळून वाळत घातल्या. लोखंडाचं पण तसंच, चहाचा तुरटपणा आणि लोखंड मिळून काळपट रंग देतात, पण तो रंग सुताला हळूहळू कुजवतो. पुढच्या वर्षी त्या पैरणी पेटीतनं काढल्या तर हातात घडीवरच तुकडा आला. आता मी ब्लीच लावतच नाही. चहाचं पाणी स्टीलच्या पातेल्यात करते, कोपरं आणि गळा विटकरीच्या तुकड्यानं हलक्या हातानं घासते, आणि पोरांना सांगते आठ दिवस घरी घालून झोपा. खरा मळ कुठल्याच रंगात मिळत नाही. एकाच्या आईनं ती पैरण धुवून, निळ घालून, इस्त्री करून पाठवली, तिला काय बोलणार.

आणि हे सगळं करायच्या आधी कापड धुवा. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती गेली की कापड आटतं, ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या बाजूनं जास्त. मी १० इंचाचा चौकोन कापून धुवून बघितला, उभ्यात सव्वानऊ भरला. आता १२ इंचाचा मुंढा त्याच हिशेबानं आटला तर ११ च्या आसपास येतो, आणि पहिल्या धुण्यानंतर काखेत परत ओढ सुरू. अख्खा तागा कापायच्या आधी दोनदा गरम पाण्यातनं काढायचा, पाणी आलं त्या दिवशी बाकीचं धुणं बाजूला ठेवा पण हे करा. बाही आणि अंग दोन्हीची लांबी किनारीच्या दिशेनं धरा, कापड वाचवायला बाही आडवी काढू नका, मी काढली होती, ती बाही वेगळी आटली आणि मुंढ्यात चुण्या.

आता ज्यांचं शिवून झालंय आणि दिवस उरले नाहीत त्यांच्यासाठी. गोल मुंढ्याचा तयार शर्ट असला तरी चौबगला आत घालता येतो, मुंढा उसवावा पण लागत नाही. बाजूची शिवण आणि बाहीची शिवण साधारण एकाच रेषेत काखेतनं जाते. काखेच्या मधोमध खूण करा, तिथनं बाहीकडं ४ इंच आणि कमरेकडं ४ इंच एवढीच शिवण उसवा. ८ इंचाची चीर तयार झाली. त्यात ५ इंच कापलेला चौकोन टोकावर उभा धरा, एक टोक बाहीकडच्या चिरेच्या शेवटी, समोरचं कमरेकडच्या शेवटी, उरलेली दोन टोकं पुढच्या आणि मागच्या मुंढ्याच्या शिवणीवर बरोबर बसली पाहिजेत. आधी कच्चा टाका घाला, टाचण्या लावून मशीनवर जाऊ नका, चौकोन फिरतो. एका पैरणीला मला पाऊण तास लागला, हात बसल्यावर वीस मिनिटं. कापड विरलेलं असेल तर हे करू नका, नव्या तुकड्याच्या कडेनं जुनं फाटतं, ती पैरण पोछ्याला द्या.

शिवून झाल्यावर कपडा हँगरला लटकवून पास करू नका. ज्याला घालायचाय त्याला बोलवा, घालायला लावा, दोन्ही हात वर, मग एक हात वर करून उलट्या बाजूला वाका, मग बसा आणि परत हात वर. पैरणीची खालची कड दोन बोटांपेक्षा जास्त वर आली तर कुठंतरी कापड कमी आहे, फाटायची वाट बघू नका.

बंदाचं एक सांगायचं राहिलं. ज्यांनी बटणाऐवजी बंद लावलेत त्यांचे बंद उपटून येतात, कारण तो एकेरी कापडावर शिवलेला असतो. आतनं रुपयाएवढं ठिगळ ठेवा, बंद दोन्हीतनं शिवा. आणि कृपा करून वेल्क्रो लावू नका. एकानं लपून लावलं होतं, माईक शेजारीच, "वंदे मातरम्" च्या आधी खर्रर्र असा आवाज अख्ख्या चौकात गेला.

यंदा १६ पैरणी शिवल्या, सगळ्या चौबगल्याच्या. एकच परत आली आणि ती काखेत नव्हती फाटली, खिसा उसवला होता. खिशात मोबाईल. दोन पदरी कापड लावून खिसा शिवून दिला आणि सांगितलं, मोबाईल धोतराच्या कमरेला खोच नाहीतर घरी ठेव.